धुतलेली गाडी

थरथर स्टेअरिंगची होती, माझ्या हाताची नव्हती. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, समजलं आम्हाले. आता दोन घास तर खाऊन घ्या." तिचंही बरोबर होतं. ताटावर बसल्या बसल्या मी पुन्हा तोच विषय काढला होता. पण त्या दिवसांत मला दुसरं काही सुचतच नव्हतं. काटा साठाच्या वर गेला की स्टेअरिंग हातात थरथरायला लागायचं, पुढच्या डाव्या चाकातून खर्र-खर्र आवाज यायचा, आणि घरातलं एकही माणूस ते मानायला तयार नव्हतं.

मुलगा समोर बसून शांतपणे पोळी मोडत होता. त्याचा हा शांतपणा मला अजिबात सोसत नाही. बापावर गेला आहे.

"आई, मी शनिवारी चालवली ना गाडी," तो म्हणाला. "जामसांवलीले नेली, आणली. ऐंशीवर नेऊन पाह्यली. काहीच नाही होत."

"मग मी खोटं बोलून राहिली का?"

"तसं कुठं म्हणतो मी. पण वय झालं की माणसाच्या हाताले जरा..."

"हाताले काय?"

त्यानं पोळीचा तुकडा वाटीत बुडवला. मग ताटाकडे पाहत म्हणाला, "या शनिवारी अजून एकदा पाहतो. काही निघालं तर ठीक. नाही निघालं तर किल्ली माझ्यापाशी राहील. तुले जिथं जायचं तिथं मी नेईन, नाहीतर ड्रायव्हर ठेवू."

मी उठले. अर्धी पोळी ताटात तशीच राहिली. एवढ्या वर्षांत मुलानं मला अट घातली, ही पहिलीच वेळ.

ती किल्ली आमच्या दाराजवळच्या खुंटीवर असते. यांनी ठोकलेली खुंटी. यांनीच मला पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकवली, तिगावच्या पलीकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे, तिथल्या कच्च्या रस्त्यावर. मी सौंसरच्या शाळेत शिकवत होते, पांढुर्ण्याहून रोज बसनं जाऊन-येऊन कंबर मोडली होती. हे शेजारी बसायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "हळू सोड क्लच, तो पळून नाही जात." मी चिडायचे, गाडी बंद पडायची, हे हसायचे. पुढे मी शाळेतून रिटायर झाले, हे गेले, आणि बगीचा माझ्याकडे आला. मुलगा नोकरीत गुंतलेला, त्याला झाडांचा गंध नाही. म्हणजे किल्ली गेली की बगीचा गेला, बगीचा गेला की मी घरात बसून टीव्हीवर भजनं ऐकायची. हे मला स्पष्ट दिसत होतं. मुलाला वाटत होतं आपण फक्त किल्लीबद्दल बोलून राहिलो आहोत.

थरथर सुरू झाली ती संक्रांतीच्या आसपास. आमच्याकडे संत्र्याच्या झाडांचं पाणी थंडीत तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. जमिनीला भेगा पडतात, पानं मलूल होतात, पाहवत नाही. मग एक दिवस पाणी सोडायचं, आणि झाडं एकदम फुलांवर येतात. त्या वर्षी पाणी सोडलं आणि फाटकाजवळच्या पाइपाचा जोड गळायला लागला. मी गाडी तिथंच कडुलिंबाखाली लावत होते, कारण सावली तेवढीच. जोड दुरुस्त करायचं आज-उद्या करत राहून गेलं. गाडीत आणि पाइपात काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

मी काय काय नाही केलं. टायरमधली हवा तपासली. चाकांचे नट आवळून घेतले. अंगणात इंजिन सुरू करून बोनेटवर हात ठेवून उभी राहायचे. इंजिन काही थरथरत नव्हतं, म्हणजे दोष चाकात, एवढं मला कळत होतं. सुनेला बाजारात जायच्या निमित्तानं गाडीत बसवलं, म्हटलं ऐक. पण पांढुर्ण्याच्या बाजारात गाडी चाळीसच्या वर जाते कुठे? ती बिचारी कान लावून बसली आणि म्हणाली, "आई, मले तर हॉर्नच ऐकू येऊन राहिले." चहा अर्धा सोडून मी उठायचे, एक चक्कर मारून यायचे, परत येऊन तोच गार चहा प्यायचे. कुठं जाऊन आल्या विचारलं तर हवा भरायला सांगायचे. दिवसातून कितीदा हवा भरणार?

हातात मात्र माझ्या सदा काहीतरी असायचं. तुरीच्या शेंगा, मटार, नाहीतर नातवाच्या स्वेटरची लोकर. मुलगा टीव्ही पाहता पाहता मधूनच माझ्या हाताकडे पाहायचा. "आई, कप दे इकडं, मी ठेवतो," म्हणून उठायचा. मला त्याचाही राग यायचा. मी काय कप ठेवू शकत नाही?

सौंसरला शाळेसमोर एक मिस्त्री आहे, यांच्या भरवशाचा. त्याच्याकडे गेले. त्यानं चाकांकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. "मॅडम, आधी धुवून आणा. ही काळी माती हाताले लागली की पाना धरता नाही येत."

मला लाज वाटली. वर्गात पोरांची नखं तपासणारी बाई मी, आणि दुसऱ्याच्या दारात अशी बरबटलेली गाडी उभी केली. आमच्याकडे गाडी दाखवायला न्यायची म्हणजे धुवूनच न्यायची. गाडीच कशाला, बैल डॉक्टरकडे न्यायचा तरी त्याला पाण्यानं घासून नेतात. मी धुऊन घेतली आणि परत त्याच्याकडे गेले.

मिस्त्री कामाचा माणूस आहे, यात वाद नाही. त्यानं नीट विचारलं. स्टेअरिंग थरथरतं की सीट? सीट थरथरली तर मागचं चाक, स्टेअरिंग थरथरलं तर पुढचं. सरळ चालताना होतं की ब्रेक दाबल्यावर? वळताना आवाज वाढतो का? मी एखाद्या हुशार पोरीसारखी पटापट उत्तरं दिली. मग त्यानं जॅक लावून पुढची चाकं उचलली, एकेक चाक वर-खाली धरून हलवलं, आडवं धरून हलवलं, हातानं फिरवून कान लावला. मग आम्ही दोघं रस्त्यावर गेलो. मोकळ्या रस्त्यावर त्यानं गाडी डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. बेअरिंग गेलं असेल तर एका बाजूला गुणगुण वाढते म्हणाला. पण गुणगुण नाही, थरथर नाही, खर्र-खर्र नाही. गाडी नव्या नवरीसारखी मुकाट्यानं चालली.

"एकदम ओके हाये, मॅडम. टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला.

टेन्शन नका घेऊ, हे वाक्य मला सांगणाऱ्याच्या डोक्यात हाणावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी बगीच्यात गेले, येताना हमरस्त्याला लागले, साठ झाले, आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. मी एकटी गाडीत ओरडले, "आता काऊन? त्याच्यासमोर काऊन नाही?" ऐकायला कोणी नव्हतं, तेच बरं झालं.

आता शनिवारचं सांगते. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जायचं, हा आमच्या घराचा नेम. यांनी घातलेला. आणि त्या नेमातच दुसरा नेम, शुक्रवारी संध्याकाळी गाडी धुऊन घ्यायची. मारुतीच्या दारात घाणेरडी गाडी उभी करायची नाही, असं हे म्हणायचे. हे गेल्यावर मुलानं तो नेम बापाची आठवण म्हणून चालू ठेवला. आठवडाभर गाडी मी चालवायची, शनिवारी तो. त्याला रोज मोटरसायकल पुरते. म्हणजे त्याच्या हातात स्टेअरिंग यायचं ते फक्त शनिवारी, जामसांवलीच्या रस्त्यावर. आणि त्या रस्त्यावर गाडीला काहीच होत नव्हतं.

एक-दोनदा मलाच शंका आली. खोटं कशाला बोलू? शनिवारी मी त्याच्या शेजारी बसलेली असायचे, मला तरी कुठे काही ऐकू यायचं? मग वाटायचं, खरंच आपल्या हाताचं तर नसेल. हा विचार आला की मी तो झटकून टाकायचे आणि शेंगा सोलायला घ्यायचे.

मुलानं अट घातली तो मंगळवार होता. गुरुवारी मी बगीच्यात गेले, मजुरांना काम सांगितलं, आणि निघताना माझं डोकंच फिरलं. आज घरी जायचं नाही, आज याचा निकाल लावायचा. बोरगावला एका टायरवाल्याकडे चाकांचं बॅलन्सिंग करायचं मशीन आहे, हे माहीत होतं. तिगावहून थेट बोरगाव गाठलं, पूर्ण रस्ता थरथरत. धुवायबिवायच्या भानगडीत पडलेच नाही. धुण्यात तास घालवायचा आणि तोवर त्यानं दुकान बंद करायचं, असं नको होतं.

तो घाईत होता. "मावशी, आता जायचंच होतं," म्हणत त्यानं पुढची चाकं काढली. बाहेरून फडकं मारलं, चाक मशीनवर चढवलं, फिरवलं. पडद्यावर आकडे आले. डाव्या चाकाचा आकडा पाहून तो स्वतःच म्हणाला, "बाप रे, भलतंच आउट हाये." मला इतका आनंद झाला की काय सांगू. पहिल्यांदाच कोणीतरी माझं खरं मानलं, तेही मशीननं. चाकाचं वजन सगळीकडून सारखं व्हावं म्हणून त्यानं आकडा दाखवेल तिथं शिशाचे तुकडे रिमला लावले, पुन्हा फिरवलं, पुन्हा लावले. जरा जास्तच लागले, म्हणाला. लागू दे म्हटलं.

परतीचा रस्ता मला अजून आठवतो. साठ, सत्तर, ऐंशी. स्टेअरिंग एका बोटावर धरलं तरी हलत नव्हतं. खर्र-खर्र थोडी येत होती, पण थरथर गेल्यावर तिच्याकडे कोण कान देतं. मी सौंसर ओलांडलं, जामसांवलीचा फाटा ओलांडला, आणि पांढुर्णा आलं तरी घराकडे वळले नाही. उगाच पुढं जाऊन आले. मोठ्यानं गाणं म्हटलं. मला गाणं येत नाही.

घरी येऊन मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. झालं ना मग काम."

"म्हणजे थरथरत होती ना?"

"असेल."

असेल म्हणाला. होती म्हणायला त्याची जीभ झिजत होती. "शनिवारी पाहू," म्हणाला, आणि पुन्हा माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात पदरात घेतले.

शुक्रवारी संध्याकाळी नेमाप्रमाणे तोच गाडी धुऊन घेऊन आला. शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. तो चालवायला, मी शेजारी, सून मागे रुईच्या माळा आणि नारळ घेऊन. गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला, काटा साठाकडे सरकला. आणि डॅशबोर्डवर चिकटवलेला छोटा मारुती हलायला लागला.

मी आधी मारुतीकडे पाहिलं, मग स्टेअरिंगकडे. मुलाचे दोन्ही हात थरथरत होते. साधे नाही, चांगले मनगटापर्यंत. त्यानं वेग कमी केला, थरथर थांबली. पुन्हा वाढवला, पुन्हा सुरू. माझ्या वेळी होती त्याच्यापेक्षा जास्तच होती. मागून सून म्हणाली, "अहो, काय करून राहिले? माझा नारळ घरंगळला."

मी खिडकीबाहेर पाहत विचारलं, "तुझं वय किती झालं रे आता?"

सून इतकी हसली की तिला ठसका लागला. तोही हसला शेवटी. "होते आई थरथर," म्हणाला. "खरंच होते." एवढं ऐकायला मी दीड महिना तडफडले होते.

पण आनंद फाट्यापर्यंतच टिकला. माझ्या डोक्यात भलताच किडा वळवळायला लागला. गुरुवारी संध्याकाळी गाडी एकदम सरळ होती. शुक्रवारी मी कुठं नेली नव्हती, दिवसभर अंगणात उभी. आणि शनिवारी सकाळी ही दशा. उभ्या गाडीचं बॅलन्स कसं बिघडेल? मी दर्शनाच्या रांगेत उभी होते आणि मनात चाकच फिरत होतं. सुनेनं दोनदा ढकललं, "आई, पुढं सरका." मारुतीसमोर हात जोडले तेव्हाही मी विचार करत होते, की गुरुवार आणि शनिवारच्या मधे गाडीला काय झालं. आणि तिथंच लक्षात आलं. झालं काहीच नाही. फक्त धुतली.

"घरी नको," मी गाडीत बसता बसता मुलाला म्हटलं. "आधी वॉशिंगवाल्याकडे चाल."

"आत्ता? पुन्हा धुवायची?"

"चाल म्हणते ना."

वॉशिंगवाला ओळखीचा. मी त्याला सरळ विचारलं, "काल तू आमच्या गाडीच्या चाकाजवळ काय केलं?"

तो बिचारा घाबरला. "काही नाही ना काकू. रोजच्यासारखी धुतली. तुमच्या डाव्या चाकात तर अर्धं वावर असते. आतून माती अशी बसते की पाण्यानं नाही निघत, सळईनं फोडून काढावी लागते. काल तर एवढं ढेकूळ निघालं." त्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली.

"दर शुक्रवारी निघते?"

"दर शुक्रवारी. संक्रांतीपासून तर लयच."

मी तिथल्याच ओल्या कठड्यावर बसले. साडी भिजली, भिजू दे. सगळं समोर आलं. पाइपाचा जोड गळतो, कडुलिंबाखाली चिखल होतो, डावं चाक त्या चिखलात उभं राहतं. आमची काळी माती ओली असताना रिमच्या आत जाऊन बसते आणि वाळली की दगड होते. ते ढेकूळ चाकाबरोबर फिरतं, म्हणून थरथर. ते आत ब्रेकला घासतं, म्हणून खर्र-खर्र. शुक्रवारी ते निघून जातं, म्हणून शनिवारी गाडी शहाणी. मिस्त्रीकडे धुवून नेली, म्हणून तिथंही शहाणी. आणि गुरुवारी त्या टायरवाल्यानं मातीसकट चाक मशीनवर चढवलं, मातीच्या वजनाला शिसं लावलं. शुक्रवारी माती गेली, शिसं राहिलं. म्हणून आज मुलाच्या हातात थरथरली.

मी मुलाला हे एकेक करून सांगितलं, फळ्यावर शिकवावं तसं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी दर शनिवारी धुतलेलीच गाडी पाहत होतो."

"आणि मिस्त्रीही. त्याच्याकडे तर मीच धुवून नेली."

त्यानं गाडीतून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "चुकलं आई," म्हणाला. एवढंच. पण वॉशिंगवाल्यासमोर म्हणाला, याचं मला फार बरं वाटलं.

सोमवारी त्यानं अर्धी सुट्टी घेतली. पाइपाचा जोड आधी बदलला, मग आम्ही दोघं बोरगावला गेलो. टायरवाल्याला मी जे बोलायचं ते बोलले. त्यानं मुकाट्यानं शिसं काढलं, रिम आतून खरवडून पुसली, नव्यानं बॅलन्सिंग केलं. या वेळी दोनच तुकडे लागले. येताना मी मुलालाच चालवायला लावली. त्याच्या हातात ती सरळ चाललेली मला पाहायची होती. जिंकलेल्या माणसाला थोडं मिरवावंसं वाटतंच.

सत्तर झाले. ऐंशी झाले. डॅशबोर्डवरचा मारुती जागचा हलला नाही. चाकातून आवाज नाही, काही नाही. इतकी शांतता त्या गाडीत मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. माझ्यापाशी त्या दिवशी शेंगा नव्हत्या, लोकर नव्हती. दोन्ही हात मांडीवर रिकामे पडले होते. आणि डावा अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, हळूहळू, आपल्याआपण, चिमटीत तंबाखू चोळावा तसा.

मी त्याच्याकडे पाहत राहिले. थांब म्हटलं, थांबला नाही. मूठ आवळली, थांबला. सोडली, पुन्हा सुरू.

मुलानं एका चहाच्या टपरीशी गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. आम्ही उतरलो नाही. तो स्टेअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होता. मग अगदी हळू म्हणाला, "आई, गाडी बंद हाये."

मला माहीत होतं गाडी बंद आहे. मला भीती वाटली. यांना दवाखान्यात नेलं तेव्हा वाटली होती तशी. आणि भीती वाटली की मला राग येतो, तसा तो आला.

"कधीपासून पाहून राहिला?"

"दिवाळीपासून. टीव्ही पाहताना. तू शेंगा सोलत नसली की होते."

"मग तेव्हाच काऊन नाही बोलला?"

"कसं बोलू?" त्यानं मनगटानं नाक पुसलं. लहानपणी मार खाल्ल्यावर पुसायचा तसंच. "दोनदा तोंड उघडलं तर तू उठून गेली. मग तूच गाडीचं काढलं. म्हटलं, चला, गाडीच्या निमित्तानं तरी चालवणं बंद होईल."

म्हणजे त्याला गाडीचं काही घेणंच नव्हतं. मी दीड महिना चाकामागे धावत होते आणि तो माझ्या हातामागे. दोघंही खरे होतो, आणि दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही. मी भांडले. म्हटलं, स्टेअरिंग धरलं की माझा हात हलत नाही, देवाशपथ हलत नाही, हात रिकामा असला की हलतो. तो म्हणाला, "मग डॉक्टरले हेच सांग." टपरीवाला दोनदा येऊन विचारून गेला, चहा देऊ का. शेवटी आमचं ठरलं. नागपूरला डॉक्टरला दाखवायचं. तो म्हणेल तो निकाल. चालवू नका म्हणाला, तर किल्ली मुलाची, मी एक शब्द बोलणार नाही. चालवा म्हणाला, तर माझी, तो एक शब्द बोलणार नाही. तोवर किल्ली खुंटीवर.

नागपूरला जाताना मात्र गाडी मीच चालवली, हट्टानं. तो शेजारी. हात खरंच हलला नाही, मी सारखी पाहत होते आणि तोही.

दवाखान्यात मी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून गेले होते, वेणीत फूल घालून. सकाळी सून म्हणाली होती, "आई, लग्नाले चालल्या का?" बाहेर बाकावर बसलो तेव्हा मी डाव्या हातानं पर्स घट्ट धरली. घट्ट धरली की अंगठा थांबतो, हे मला आता पक्कं माहीत होतं. नंबर आला, आत गेलो. डॉक्टर बाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी माझी कोपरं धरून वर-खाली हलवून पाहिली, मनगट फिरवलं, मिस्त्रीनं चाक धरून पाहावं तसंच. खोलीत चालायला लावलं. मी ताठ चालले, पर्स हातात धरून. मग त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तसं तर ठीक वाटतंय. काय त्रास होतो नेमका?"

ठीक वाटतंय. मी मुलाकडे पाहिलं. त्याला बोलता आलं असतं, पण तो भिंतीकडे पाहत बसला. काही त्रास नाही म्हटलं असतं तर काम झालं होतं. त्याच पावली मी बाहेर पडले असते, दुसऱ्या दिवशी तिगावला गेले असते, झाडांवर फुलं आली होती.

मी पर्स मुलाच्या हातात दिली. किल्ली तिच्यातच होती. डावा हात रिकामा केला, बाईंच्या समोर टेबलावर ठेवला, आणि थरथरू दिला.